शांतिसेनेतील स्त्रिया आणि जीपची किल्ली : गृहमंत्री व संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री व मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि सर्व पोलीस घटकप्रमुख यांस

महोदय,

पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी गेली २२ वर्षे मी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील स्त्रियांच्या सहभागाविषयी माझ्यासारखीने आपणांस पत्र लिहावे, याचे आपल्याला नवल वाटेल. पण या विषयाशी माझी गाठ पडली ती माझ्या धंद्यामुळेच, आणि जे सांगायचे आहे तेही त्या धंद्यातूनच उमजलेले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

सहा वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका संध्याकाळी, मी शटर ओढण्याच्या बेतात असताना एक महिला पोलीस उपनिरीक्षक दारात आल्या आणि म्हणाल्या, "ताई, आठ दिवसांत मोठी गाडी शिकवाल का?" संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेवर पोलीस अधिकारी म्हणून जाण्यासाठी त्यांनी अर्ज केला होता. निवडीत इंग्रजीची परीक्षा, गाडी चालवण्याची परीक्षा आणि हत्यार चालवण्याची परीक्षा असते, असे त्यांनी सांगितले. इंग्रजीची त्यांना धास्ती नव्हती आणि नेमबाजीत त्यांनी प्रशिक्षण केंद्रात बक्षीस मिळवलेले होते. अडचण होती ती गाडीची. लायसन्स होते, पण ते नोकरी लागण्याआधी मामांच्या मारुतीवर काढलेले. पुढच्या ११ वर्षांत त्या जीपमधून किती हिंडल्या असतील याची गणती नाही. रात्री-अपरात्री पंचनाम्याला गेल्या, गणपतीचे आणि निवडणुकांचे बंदोबस्त केले, पळालेल्या मुलींना शोधत परजिल्ह्यात जाऊन आल्या. या सगळ्या प्रवासात त्या चालकाच्या शेजारी बसल्या होत्या. चालक रजेवर असला तर एखादा पुरुष शिपाई स्टिअरिंगवर बसे. त्यांना कोणी कधी अडवले नाही, हे त्यांनी दोनदा सांगितले. फक्त किल्ली घ्या असे कोणी म्हटले नाही आणि आपण मागावी असे त्यांना सुचले नाही. त्या ठाण्याचे नाव मी लिहीत नाही, कारण नंतर जे ऐकले त्यावरून ते कुठलेही ठाणे असू शकते.

आठ दिवस पहाटे साडेपाचला आम्ही खडी क्रशरच्या चढावर जात होतो. माझ्या जुन्या सुमोचा क्लच जड आहे. चढावर गाडी थांबवायची, हँडब्रेक लावायचा, पहिला गिअर टाकायचा, हाफ क्लचवर इंजिनाचा आवाज बदलेपर्यंत थांबायचे आणि मगच हँडब्रेक सोडायचा, एवढीच ती कसरत. पण ती पायाला कळावी लागते, डोक्याला कळून भागत नाही, आणि पायाला कळायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी गाडी १४ वेळा बंद पडली, आठव्या दिवशी एकदाच. प्रत्यक्ष परीक्षेतही एकदाच पडली, तीही चढावरच, आणि त्या बाद झाल्या. गाडीत नापास झालेल्याला पुढच्या टप्प्याला बोलावत नाहीत, त्यामुळे नेमबाजीची पाळी आलीच नाही. अर्ज मागवल्याचे परिपत्रकही त्यांना मुदत संपायला दोन दिवस असताना कळले होते, तेही आवक टेबलावरच्या एका मैत्रिणीने त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला म्हणून.

त्यांच्यानंतर आजवर नऊ महिला पोलीस याच कामासाठी माझ्याकडे येऊन गेल्या. सगळ्यांनी रजा काढून आणि स्वतःच्या खिशातून फी भरून शिकून घेतले. (फी मी निम्मीच घेतली, हे सांगायला हरकत नसावी.) त्यांच्यामुळे मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले, आणि वाचता वाचता माझे जे मत झाले ते असे की शांतिसेनेत किती भारतीय स्त्रिया जाणार हे दिल्लीत किंवा न्यूयॉर्कमध्ये ठरत नाही; ते आठ-दहा वर्षे आधी ठाण्याच्या हजेरीत, ड्युटी वाटपात आणि छावणीतल्या नेमणुकांत ठरून गेलेले असते.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगते की ही परीक्षा स्त्रियांसाठी सोपी करावी अशी माझी मागणी नाही. मोहिमेवर गेलेल्या पोलीस अधिकाऱ्याला किंवा लष्करी निरीक्षकाला तिथे चालक मिळत नाही. दोघातिघांचे पथक स्वतः गाडी घेऊन गावोगाव जाते, लोकांशी बोलते आणि अहवाल लिहिते. दक्षिण सुदानमध्ये, काँगोमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असते. दक्षिण सुदानच्या बऱ्याच भागात आपल्या काळ्या रानासारखीच चिकण माती आहे आणि पावसाळ्यात तिथले रस्ते महिनोन् महिने बंद होतात. अशा मातीत रुतलेली गाडी ज्याला काढता येत नाही त्याने तिथे जाऊ नये, मग तो पुरुष असो की स्त्री. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या परीक्षेची तयारी पुरुषांची रोजच्या ड्युटीत आपोआप होते, तीच तयारी स्त्रियांना आठ दिवसांत खासगी शिकवणीत करावी लागत असेल, तर निकालाला गुणवत्तेचा निकाल म्हणता येणार नाही.

हे काम आपल्याला जमत नाही, असेही नाही. काँगोच्या मोहिमेत १९६० च्या सुमारास भारतीय महिला वैद्यकीय अधिकारी होत्या. पण खरा पराक्रम केला तो पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांचे पथक तिथल्या राजधानीत, मोनरोव्हियात उतरले. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात केवळ महिलांचे असे संघटित पोलीस पथक त्याआधी कुठेही गेले नव्हते. सुमारे सव्वाशे जणांच्या या पथकात शंभरावर महिला पोलीस होत्या आणि स्वयंपाक, दुरुस्ती यांसारख्या पूरक कामांसाठी काही पुरुष होते. आपल्याकडे नेहमी दिसणारी कामाची वाटणी तिथे उलटी झाली होती, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. सीमा धुंडिया या पहिल्या तुकडीच्या कमांडर होत्या. दरवर्षी तुकडी बदलत गेली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये शेवटची तुकडी परतली. नऊ वर्षे त्यांनी रात्रीची गस्त घातली, जमाव हाताळला आणि राष्ट्राध्यक्ष एलेन जॉन्सन सरलीफ यांचे कार्यालय ज्या परराष्ट्र मंत्रालयाच्या इमारतीत होते तिथे पहारा दिला. राष्ट्राध्यक्षांचे मूळ निवासस्थान २००६ च्या स्वातंत्र्यदिनी लागलेल्या आगीत जळाल्यामुळे कार्यालय त्या इमारतीत हलवावे लागले होते.

या पथकाविषयी बोलताना आपल्याकडे एक आकडा हमखास सांगितला जातो. लायबेरियाच्या सुरक्षा दलांतील स्त्रियांचे प्रमाण त्या काळात ६ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर गेले, आणि संयुक्त राष्ट्रांनीही त्याचे श्रेय या पथकाला मोकळेपणाने दिले. रस्त्यावर रायफल घेऊन उभी असलेली परदेशी बाई पाहून तिथल्या मुलींना आपणही हे करू शकतो असे वाटले, हे खरेच आहे. पण यातला एक भाग आपल्या भाषणांत गाळला जातो, आणि माझ्या मते तोच आपल्या कामाचा आहे. यादवी युद्धामुळे शाळा सुटलेल्या मुली पोलीस भरतीच्या शैक्षणिक अटीत बसत नव्हत्या. तेव्हा अट काढून टाकण्याऐवजी, आणि पात्र मुली येत नाहीत असे म्हणून गप्प बसण्याऐवजी, तिथल्या पोलीस दलाने आणि संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेने भरतीस इच्छुक मुलींना शालेय शिक्षण जलद गतीने पूर्ण करून देण्याचे वर्ग काढले. त्या वर्गांच्या दर्जावर पुढे टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. तरीही युद्धाने मोडून पडलेल्या देशाला जे सुचले ते एवढी ठाणी, एवढी प्रशिक्षण केंद्रे आणि एवढी मोठी वाहन शाखा असलेल्या आपल्याला सुचू नये, याचे वाईट वाटते.

लायबेरियाची गोष्ट निघालीच आहे तर तिची आधीची बाजूही सांगायला हवी, कारण शांतिसैनिक उतरण्याआधी शांतता व्हावी लागते आणि ती करण्यात स्त्रियांचा हात होता. १९८९ पासून मधल्या काही वर्षांची उसंत सोडता १४ वर्षे चाललेल्या यादवीत सुमारे अडीच लाख माणसे मेली. २००३ मध्ये लेमा बोवी आणि त्यांच्या ख्रिस्ती व मुस्लिम सोबतिणी पांढरे कपडे घालून मोनरोव्हियाच्या मासळी बाजाराजवळच्या मैदानावर उन्हापावसात बसू लागल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांची मोटार तिथूनच जात असे. घानाची राजधानी आक्रा येथे वाटाघाटी सुरू झाल्या, तेव्हा त्यांतल्या काही जणी तिथेही पोहोचल्या. हॉटेलातल्या मुक्कामाला सरावलेले बंडखोर गटांचे नेते मंत्रिपदांच्या वाटणीवर घोळ घालत होते आणि मोनरोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैमध्ये एके दिवशी या बायका सभागृहाच्या दारात एकमेकींच्या हातांत हात अडकवून बसल्या आणि करार होईपर्यंत आतल्या कोणालाही बाहेर पडू देणार नाही म्हणाल्या. सुरक्षारक्षक अटक करायला आले तेव्हा बोवींनी स्वतःची वस्त्रे उतरवायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईने अशा रीतीने विवस्त्र होणे हा पश्चिम आफ्रिकेत पाहणाऱ्याला लागणारा शाप समजतात. रक्षक जागीच थांबले. मुख्य मध्यस्थ जनरल अब्दुलसलामी अबूबकर बाहेर आले आणि त्यांना या बायकांशी बोलावे लागले. १८ ऑगस्ट २००३ रोजी करारावर सह्या झाल्या. बोवी आणि सरलीफ या दोघींना २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासह विभागून मिळाले.

पारितोषिक मिळाले हे चांगलेच झाले, पण आत खुर्ची असती तर दारात बसण्याची वेळ आली नसती. १९९२ ते २०१९ या काळातील जगातल्या प्रमुख शांतता प्रक्रियांचा जो हिशेब प्रसिद्ध आहे, त्यानुसार वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया सरासरी १३ टक्के होत्या, आणि मध्यस्थांत व सह्या करणाऱ्यांत ६-६ टक्के. सुरक्षा परिषदेचा ठराव क्रमांक १३२५ हा ३१ ऑक्टोबर २००० रोजी संमत झालेला आहे; शांततेच्या प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांचा सहभाग असावा, असे त्यात परिषदेने एकमताने मान्य केले, त्याला २५ वर्षे उलटून गेली.

आपल्या देशातही वेगळे घडलेले नाही. नागा मदर्स असोसिएशन ही नागालँडमध्ये १९८४ साली स्थापन झालेली संघटना. भाऊबंदकीत सांडणारे रक्त थांबावे म्हणून तिच्या सदस्या भूमिगत गटांच्या छावण्यांपर्यंत पायी गेल्या आणि आपापसांत लढणाऱ्या गटांशी बोलत राहिल्या. ३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत केंद्र सरकार आणि नागा बंडखोर संघटना यांच्यात नागा प्रश्नावरील चौकट करार झाला तेव्हा सह्या करणाऱ्यांत एकही स्त्री नव्हती. ठराव १३२५ च्या अंमलबजावणीसाठी नेपाळने २०११ मध्ये आणि बांगलादेशाने २०१९ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा केला. भारताने असा आराखडा केलेला नाही. शांतिसेनेत दोन लाख ९० हजारांहून अधिक माणसे पाठवणारा आणि सुमारे १८० जवान गमावणारा आपला देश या विषयात शेजाऱ्यांच्या मागे का राहिला, याचे उत्तर तिन्ही मंत्रालयांनी एकत्र बसून द्यावे.

आता आकड्यांकडे येते. शांतिसेनेच्या गणवेशातील स्त्रियांचे प्रमाण १९९३ मध्ये १ टक्का होते. २०२० मध्ये सुमारे ९५ हजार शांतिसैनिकांपैकी लष्करी तुकड्यांत ते ४.८ टक्के आणि संघटित पोलीस पथकांत १०.९ टक्के होते. २०२८ पर्यंत लष्करी तुकड्यांत १५, लष्करी निरीक्षक आणि स्टाफ अधिकाऱ्यांत २५, संघटित पोलीस पथकांत २० आणि वैयक्तिकरीत्या जाणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यांत ३० टक्के स्त्रिया असाव्यात, असे संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत महिला शांतिसैनिकांची मोठी परिषद झाली तेव्हा आपल्या सरकारने जी माहिती दिली, तीनुसार सहा मोहिमांत मिळून दीडशेहून अधिक भारतीय स्त्रिया होत्या. आपले एकूण शांतिसैनिक पाच हजारांवर. म्हणजे शंभरात तीनच्या आसपास. सुदान आणि दक्षिण सुदान यांच्या सीमेवरच्या अबेई या वादग्रस्त प्रदेशात जानेवारी २०२३ मध्ये दोन अधिकारी आणि २५ जणींची प्लाटून पाठवली, तेव्हा २००७ नंतरची महिलांची ही आपली सर्वांत मोठी एकत्रित तुकडी असल्याचे अभिमानाने सांगण्यात आले. शंभरावर जणींपासून निघून १६ वर्षांनी २७ जणींपर्यंत आलो, यात अभिमान कशाचा वाटून घ्यायचा ते मला समजले नाही.

संरक्षणमंत्र्यांना माझी विनंती आहे की लष्करी तुकड्यांचे गणित एकदा जाहीरपणे मांडावे. आपण पाठवतो त्या तुकड्या प्रामुख्याने पायदळाच्या असतात आणि पायदळात स्त्रियांना प्रवेश नाही. अधिकारीपदाखालील स्त्रिया भारतीय लष्करात आल्या त्या लष्करी पोलीस दलात, आणि त्यांची ८३ जणींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये बंगळुरूहून बाहेर पडली. घागरीतच पाणी नसेल तर पेला भरणार कुठून? एवढ्या लहान संख्येतून १५ टक्के उभे राहणार नाहीत हे सांगायला गणितज्ञ लागत नाही. म्हणून एकतर लष्करी पोलीस, वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि सिग्नल शाखांतील स्त्रियांची पथके पायदळाच्या प्रत्येक तुकडीबरोबर ठरावीक प्रमाणात जोडून पाठवण्याचा नियम करावा, किंवा हे लक्ष्य आपण गाठू शकणार नाही हे मान्य तरी करावे. काँगोच्या उत्तर किवूमध्ये मेजर राधिका सेन यांच्या पथकाने नेमके हेच काम केले. स्त्री-पुरुषांच्या संमिश्र गस्ती काढल्या आणि गावकऱ्यांनी धोक्याची सूचना आपापसांत व सैनिकांपर्यंत पोहोचवावी अशी साखळी बांधली. त्यांना २०२३ चा संयुक्त राष्ट्रांचा 'मिलिटरी जेंडर ॲडव्होकेट ऑफ द इयर' हा पुरस्कार मिळाला. त्याआधी तोच पुरस्कार २०१९ साठी दक्षिण सुदानमधील कामाबद्दल मेजर सुमन गवानी यांना, ब्राझीलच्या एका महिला अधिकाऱ्यासह मिळाला होता. त्यांनी २३० हून अधिक लष्करी निरीक्षकांना युद्धकाळातील लैंगिक हिंसा कशी ओळखावी याचे प्रशिक्षण दिले होते. अशी पथके एकेका अधिकाऱ्याच्या कर्तबगारीवर सोडून न देता नेहमीची व्यवस्था व्हावी, एवढेच मागणे आहे.

आमच्या महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध आहे, तोही लहान नाही. मार्च २०१६ मध्ये पुण्यात औंधच्या लष्करी तळावर १८ देशांचा संयुक्त सराव झाला. सुरुंग निकामी करणे आणि शांतिसेनेचे काम हेच त्याचे विषय होते, आणि भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले. १८ तुकडीप्रमुखांत त्या एकट्याच स्त्री होत्या, आणि २००६ मध्ये काँगोत लष्करी निरीक्षक म्हणून काम करून आलेल्या होत्या. मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणींची. पोलिसांत तर राज्याच्या १९९४ च्या महिला धोरणापासून स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, त्यामुळे आमच्याकडे घागर रिकामी आहे असे पोलिसांच्या बाबतीत तरी म्हणता येणार नाही. स्त्रिया भरती झालेल्या आहेत. त्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सीसीटीएनएस यंत्रणेच्या संगणकावर, बारनिशीत, पासपोर्टच्या टेबलावर आणि महिला कक्षात बसलेल्या आहेत. या कामांना मी कमी लेखत नाही, पण तिथे बसून जीप शिकता येत नाही.

स्त्रिया का हव्यात, याविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण या बाबतीत भाषणांत फार गोड बोलले जाते. स्त्री मुळातच शांतिप्रिय असते, ती मायेने वागते, म्हणून ती शांतिसेनेत हवी, हा युक्तिवाद मला पटत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायका चिडतात, शिव्या देतात, हॉर्नवरचा हात काढत नाहीत. कारण याहून साधे आहे. ज्या प्रदेशात शस्त्रधारी पुरुषांनी बायकांवर अत्याचार केले, तिथली बाई आपली तक्रार शस्त्र घेतलेल्या आणखी एका पुरुषाला सांगायला धजत नाही. नाक्यावर बाईची झडती बाईनेच घ्यावी लागते. आणि पाण्यावर, सरपणाला जाणारी वाट कुठे धोक्याची झाली आहे हे ज्या त्या वाटेने जातात त्यांनाच आधी कळते. गावातल्या निम्म्या माणसांशी ज्या पथकाला बोलताच येत नाही त्याची माहिती निम्मीच राहते.

याचीच एक कुरूप बाजू आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. शांतिसैनिकांनीच लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारी लायबेरिया, हैती, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक येथून आलेल्या आहेत. पथकात स्त्रिया असल्या की असे प्रकार कमी होतील, असे पुष्कळदा सुचवले जाते. होतीलही. पण सहकारी पुरुषांवर लक्ष ठेवण्यासाठी स्त्रियांना पाठवायचे असेल, तर ते काम त्यांचे नाही. ते कमांडरचे आणि शिस्तीचे काम आहे, आणि गुन्हेगाराला मायदेशी शिक्षा होईल हे पाहण्याचे काम ज्या त्या देशाच्या सरकारचे आहे.

आता मोहिमाच आकसत चालल्या आहेत, मालीतली मोहीम २०२३ मध्ये संपली, पैशाअभावी संयुक्त राष्ट्रांनी २०२५ मध्ये शांतिसैनिकांची संख्या सुमारे चतुर्थांशाने कमी करायला घेतली, मग आता हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. जागा कमी झाल्या की आधी कोणाच्या जातात हे नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. म्हणून तर हे पत्र आत्ता लिहीत आहे.

राज्याच्या गृहमंत्र्यांना आणि घटकप्रमुखांना माझे सांगणे अगदी छोटे आहे. प्रत्येक ठाण्यात गस्तीच्या गाडीची नोंदवही असते; त्या नोंदवहीत महिन्यातून ठरावीक पाळ्यांना महिला अंमलदाराने किंवा अधिकाऱ्याने गाडी चालवल्याची नोंद असावी आणि वार्षिक तपासणीत ती पाहिली जावी. यासाठी स्वतंत्र योजना, तिचे नाव, तिचा लोगो, तिचे उद्घाटन यांतले काही लागत नाही. हत्यारांच्या सरावाचेही तसेच. वर्षातून एकदा गोळीबार सरावाला नेऊन आणलेले पुरत नाही. मोहिमेसाठी अर्ज मागवणारे परिपत्रक ठाण्यापर्यंत उतरत उतरत यायला नको. ते महासंचालक कार्यालयाच्या संकेतस्थळावर त्याच दिवशी लागावे आणि किती अर्ज आले, त्यांत किती स्त्रिया होत्या, कोणत्या टप्प्यावर किती जणी बाद झाल्या, हे निवडीनंतर प्रसिद्ध व्हावे. चढावर बाद झाल्या की इंग्रजीत, हे कळले तर पुढच्या वेळी काय शिकवायचे तेही कळेल.

वर्षभर परदेशी जाऊन आलेल्या बाईला परतल्यावर कुठे नेमणूक द्यायची, याचा नियम नसल्यामुळे पुष्कळ जणी अर्जच करत नाहीत, हे मला माझ्या नऊ विद्यार्थिनींपैकी सहा जणींनी सांगितले. मूल लहान आहे ही अडचण त्यांनी त्यानंतर सांगितली. घरी सासू आहे, आई आहे, नवरा आहे, काहीतरी जमवता येते. पण परत आल्यावर ज्येष्ठता आणि जागा गेली तर काय, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. हे उत्तर एका शासन निर्णयाने देता येण्यासारखे आहे.

माझ्या त्या पहिल्या विद्यार्थिनीने पुन्हा अर्ज केला नाही. आता त्या एका ठाण्याच्या प्रभारी आहेत. मागच्या दिवाळीत त्या फराळ घेऊन आल्या त्या स्वतः सरकारी जीप चालवत. चालक शेजारच्या सीटवर बसला होता आणि जरासा अवघडला होता. त्यांच्या ठाण्यातल्या चार मुलींना त्यांनी पाळीपाळीने गस्तीवर गाडी द्यायला सुरुवात केली आहे, आणि त्यांपैकी एक जण पुढच्या वेळी अर्ज करणार आहे.

ती मुलगी सध्या पहाटे माझ्याकडे येते. चढ तिला चांगला जमतो. मात्र डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी माझ्याकडे नाही आणि ती विकत घेणे मला परवडणारे नाही. नाशिकच्या पोलीस अकादमीत तशी एखादी जुनी गाडी सरावासाठी ठेवता आली, तर तिथे येऊन शिकवायला मी विनामूल्य तयार आहे. माझे वर्ग रविवारी बंद असतात.

कळावे,

आपली विश्वासू,
एका तालुक्याच्या गावची मोटार ड्रायव्हिंग स्कूलचालिका